न उचललेल्या पडद्याची बखर

श्री. अक्षरे घडविणारीस नमन, आणि अक्षरे गिळणारीसही नमन, दोघींचेही राज्य चालते म्हणोन. शके १९४५, शोभननाम संवत्सर, चैत्रमासापासोन पुढील वर्षप्रतिपदेपावेतो एका नाव नसलेल्या राज्यात जे वर्तमान जाहले ते लिहितो. कोणी पुसिले म्हणोन लिहीत नाही. पुसणारा कोणी उरला नाही म्हणोन लिहितो. लिहिणार त्याच दरबारचा एक असामी आहे. नाव देत नाही, त्याचे कारण शेवटी कळेल.

तर त्या राज्याची रीत ऐसी की, त्यास तट नाही, वेस नाही आणि गादीवर राजाही नाही. संगणकावर चालणारी साधने तेथे घडत, आणि ज्यास हवे त्याने फुकट न्यावे, ज्यास येते त्याने सुधारून द्यावे, ऐसा मूळ पुरुषांचा ठराव होता, आणि ठराव थोर होता यात संशय नाही. त्या साधनांत एक 'जंत्री' म्हणोन होते. वर्षानुवर्षांच्या नोंदी त्यात ठेवाव्या आणि हव्या तेव्हा काढाव्या हे त्याचे काम; आणि शाळा, दवाखाने, वाचनालये आणि गावोगावचे हौशी लोक त्यावर विसंबून होते. साधन कैसे वापरावे हे सांगणारी एक पोथी राज्याने ठेविली होती आणि तिची रूपे दोन होती. एक मूळ पोथी, ती राखणदारांनी लिहावी. तीत मजकुरामध्ये खुणा घातलेल्या, की येथे अक्षर ठळक करावे, येथे पायरीचा आकडा घालावा, येथे चौकट आखावी. दुसरी दर्शनी प्रत. यंत्राने मूळ पोथी वाचावी, खुणा पाळाव्या आणि स्वच्छ पान करून जगापुढे मांडावे. लोक वाचीत ते दर्शनी प्रत. राखणदार वाचीत ते मूळ पोथी. दोघेही आपण एकाच पोथीविषयी बोलतो आहो ऐसे समजत, आणि सारा अनर्थ यातून जाहला.

खुणांमध्ये एक जोडी पडद्याची होती. राखणदारास आपसांत काही टिपण ठेवायचे असले, की हे पुढील खेपेस तपासावे, तर त्याने आधी पडदा टाकणारी खूण घालावी, मग टिपण लिहावे आणि मग पडदा उचलणारी खूण घालून मोकळे व्हावे. उचलण्याची खूण अवघी तीन अक्षरांची, दोन आडव्या रेघा आणि एक बाणाचे टोक. पडद्यामागील मजकूर मूळ पोथीत राही, दर्शनी प्रतीत येत नसे. तर जंत्रीची जुनी आवृत्ती काढून नवी कैसी बसवावी या प्रकरणात कोणी एका राखणदाराने घाईने टिपण लिहिले, पडदा टाकिला आणि उचलायचा विसरला. त्याचे नाव दप्तरात आहे, परंतु तो केव्हाच हे राज्य सोडून दुसरीकडे गेला आणि तेथे सुखी आहे. पडदा पुढील टिपणाच्या शेवटी काय तो उचलला गेला, आणि मधली एक पायरी त्याखाली गुप्त जाहली. ती चौथी पायरी ऐसी होती: 'पुढे जाण्याआधी सर्व नोंदींची नक्कल काढून वेगळी ठेवावी. न ठेविल्यास नोंदी कायमच्या जातील.' आणि पाचवी ऐसी होती: 'जुने भांडार रिते करावे.' पायऱ्यांचे आकडे यंत्र स्वतः घाली, म्हणोन पाचवीच चौथी होऊन बसली आणि पानात कोठे खाडा दिसेना. पान सुबक होते आणि ऐसे ते पंधरा महिने राहिले.

त्या समयी वाई कसब्यात मथुराबाई सबनीस म्हणोन एक बाई होत्या. एकतीस वर्षे त्यांनी एका छापखान्यात प्रुफे तपासिली होती, आणि छापखाना बंद पडल्यावर, डोळे शाबूत आहेत तर बसोन काय करावे, म्हणोन संगणक शिकोन या राज्याच्या पोथीतील खुणांचे दोष काढू लागल्या. राज्याने बोलाविले नव्हते. या राज्यात कोणी कोणास बोलावीत नाही, आलेल्यास हाकलीत नाही, आणि आलेल्याकडे पाहतही नाही. बाईंचे काम छापखान्याच्या रिवाजाने चाले. मूळ पोथी आणि दर्शनी प्रत दोहींचे कागद छापून घ्यावे, शेजारी शेजारी मांडावे, आणि लाकडी पट्टी धरून तळच्या ओळीपासोन वर यावे. खालून वर का, ऐसे कोणी पुसिले तर म्हणत, "वरून खाली वाचलं की अर्थ लागत जातो, आणि अर्थ लागला की डोळा फसतो." राज्यात असामी शेकडो होते, थोर थोर बुद्धीचे होते, परंतु दोन कागद शेजारी ठेवणारी ती एकटी होती. चैत्र वद्य पक्षी बाई या प्रकरणास पोहोचल्या, पट्टी वर चढत गेली, आणि मूळ पोथीत एक पायरी आहे ती दर्शनी प्रतीत नाही ऐसे दृष्टीस पडले. मग त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले, आणि लाल शाईने प्रतीच्या समासात खूण केली, आणि लगोलग दरबारी अर्ज लिहिला: 'नकलेची पायरी वाचकांस दिसत नाही. लोकांच्या नोंदी नष्ट होतील. चाळिसाव्या ओळीच्या शेवटी पडदा उचलावा.' आणि ती तीन अक्षरे सोबत जोडिली.

अर्जाची रीत ऐसी की, दोन राखणदारांचे शिक्के पडावे तेव्हा दुरुस्ती पोथीत शिरावी. राखणदार नावाला बहुत होते, परंतु पोथीकडे पाहणारे दोन. मुख्य राखणदार भार्गवराव फणसे, हुशार आणि करारी, जंत्रीचे निम्मे यंत्र त्यांच्या एकट्याच्या बुद्धीतून उतरलेले. आणि दुसरे हैदरसाहेब मुजावर, स्वभावाने सज्जन आणि सदा थकलेले. उभयता दिवसभर दुसऱ्याची चाकरी करीत आणि उरल्या वेळात हे राज्य चालवीत, हे न लिहिणे अन्यायाचे होईल. शिवाय एक यंत्रचोपदार होता आणि त्यास आज्ञा होती की, ज्या अर्जाखाली साठ दिवस कोणी राखणदार एक शब्द लिहिणार नाही तो शिळा म्हणोन मिटवावा, आणि अर्जदारास कळवावे की, आपल्या सहकार्याबद्दल दरबार आभारी आहे. तर बाईंचा अर्ज दाखल जाहला. सात असामींनी येऊन तो वाचिला आणि त्याखाली अंगठ्याची खूण उमटविली, म्हणजे वाचले, बरे आहे. आणि सातही आपापल्या कामास गेले. अंगठा म्हणजे शिक्का नव्हे. साठ दिवस भरले आणि चोपदाराने अर्ज मिटविला आणि आभार मानिले.

मग बाईंनी आषाढात दुसरा अर्ज केला. एकल्या तीन अक्षरांस वजन पडले नसेल ऐसे मनी आणोन त्याच पानातील आणखी अकरा दोष, कोठे चौकट उघडी राहिली, कोठे ठळक अक्षर पुढील अर्ध्या पानावर सांडले, तेही सोबत जोडिले. त्यावर भार्गवरावांचे उत्तर आले, आणि उत्तर आले याचाच बाईंस आनंद जाहला. उत्तर ऐसे: 'एका अर्जात एक गोष्ट असावी. तोडून आणावे.' मग बाईंनी दोन दिवस बसोन बारा अर्ज केले आणि बारा ठिकाणी नम्रपणे विनंती लिहिली. त्यावर उत्तर आले: 'बारा अर्जांनी दरबार भरून गेला. लहान दुरुस्त्या एकत्र करून आणाव्या.' दोन्ही आज्ञा राज्याच्या नियमावलीत होत्या, एक तिसऱ्या कलमात आणि एक नवव्यात, आणि भार्गवराव नियमाबाहेर तसूभर गेले नव्हते. बाईंनी अकरा अर्ज मागे घेतले आणि एक ठेविला, पडद्याचा, आणि त्याखाली लिहिले, "बाकीचं राहू द्या, पण हा एवढा बघा. ही ओळ लोकांना दिसत नाही."

भार्गवराव लिहितात, "ओळ एक्केचाळिसाव्या क्रमांकावर आहे. मी आत्ताच पाहिली."

बाई लिहितात, "मूळ पोथीत आहे. आपण दर्शनी प्रत उघडून पाहावी."

भार्गवराव लिहितात, "दर्शनी प्रत यंत्र करतं. आम्ही ती बघत नाही. ते वाचकांचं काम आहे."

यात कपट नव्हते. त्या दरबारी मूळ पोथी वाचणे हे थोरपणाचे लक्षण आणि दर्शनी प्रत उघडणे हे नवशिक्याचे, ऐसे कोणी न सांगता सर्वांस ठाऊक होते. मूळ पोथी पाहण्याच्या ज्या खिडक्या असत त्यांत पडद्यामागील मजकूर करड्या रंगात दाखविण्याची सोय होती, ती सोयही भार्गवरावांनी बंद केली होती, कारण रंग लावून वाचणे त्यांस पोरकट वाटे. काळ्यावर पांढरे, सरसकट, ऐसे ते वाचीत, आणि त्या सरसकट पांढऱ्यात एक्केचाळिसावी ओळ ठसठशीत उभी होती. मग अधिक श्रावण लागला. चोपदारास अधिक महिना ठाऊक नसल्याने त्याने दिवस मोजणे सोडिले नाही, आणि निज श्रावणाचे शेवटी दुसरा अर्जही शिळा होऊन मिटला. बाईंस पुन्हा आभाराचे पत्र आले, अक्षरशः पहिलेच. बाईंनी ते छापून घेतले आणि सवयीने त्यातील दोन खुणांचे दोष लाल केले आणि मग स्वतःचाच राग येऊन कागद चुरगाळिला.

आता ज्याचे गेले त्याचे सांगतो. माणदेशात एका गावी मार्तंड खिलारे म्हणोन शाळेचे निवृत्त गुरुजी होते. बावीस वर्षे, दर रविवारी, सायकलीवर बसोन ते दोन गावांच्या एकोणीस विहिरींवर जात, दोरीस शिशाचा गोळा बांधून आत सोडीत, हाताहातावर मारिलेल्या गाठी मोजीत, आणि पाणी किती खाली आहे ते वहीत टिपीत. कोणी सांगितले नव्हते. लग्नकार्य, ताप, निवडणूक, काही असो, रविवार चुकला नाही. थोरल्या भावाचा दहावा रविवारी आला तेव्हा दोर घेऊन पहाटेच जाऊन आले. कोणती विहीर कोणत्या वर्षी आटली, कोठे नवे बोअर मारल्यावर शेजारचे पाणी किती हात उतरले, हे दोन्ही गावांस गुरुजींखेरीज कोणी सांगू शकत नसे, आणि बोअर मारणारे आधी त्यांच्या ओट्यावर येऊन बसत. सात वर्षांमागे सर्व वह्या त्यांनी स्वतः जंत्रीत उतरविल्या. वह्या शाळेच्या कपाटात होत्या, त्या कपाट हलविताना रद्दीत गेल्या, आणि संगणकात आहे म्हणोन कोणी हळहळले नाही.

कार्तिकात, दिवाळी सरल्यावर, जंत्री गुरुजींस संगणकावर सांगू लागली की ही आवृत्ती जुनी जाहली, नवी बसवावी. गुरुजी आज्ञा मानणारे. त्यांनी राज्याची पोथी उघडिली, म्हणजे दर्शनी प्रत, आणि शाळेत मुलांस सांगत तैसे प्रत्येक पायरीवर बोट ठेवीत, मोठ्याने वाचीत, एकेक पायरी करीत गेले. पहिली केली, दुसरी केली, तिसरी केली. चौथी म्हणाली, 'जुने भांडार रिते करावे.' ते केले. पाचवीने नवे रकाने मांडविले. सहावी म्हणाली, 'वर काढलेली नक्कल आत घ्यावी.' गुरुजींनी 'वर काढलेली' हे शब्द तीनदा वाचिले, मग पान वर नेले आणि खाली आणिले, आणि मग हौसाबाईंस, म्हणजे कुटुंबास, हाक मारून म्हणाले, "अगं, जरा पाणी दे."

आठा दिवसांनी त्यांनी दरबारी पत्र लिहिले. त्यात एक वावगा शब्द नव्हता. 'माझ्याकडून बावीस वर्षांच्या नोंदी गेल्या. चूक माझीच असावी. कोणती पायरी चुकली एवढे कळविल्यास उपकार होतील, म्हणजे पुन्हा होणार नाही.' पत्रावर भार्गवरावांनी त्याच दिवशी उत्तर दिले, कारण ते कामसू होते: 'पोथीची एक्केचाळिसावी ओळ पाहावी. नक्कल काढण्याविषयी तेथे स्पष्ट लिहिले आहे.' आणि मूळ पोथीच्या त्या ओळीचा पत्ता जोडिला, आणि प्रश्नाचे उत्तर जाहले म्हणोन पत्रास कुलूप घातिले. कुलूप घातल्यावर त्याखाली कोणासही लिहिता येत नाही ऐसा नियम. गुरुजींनी तो पत्ता उघडिला, मूळ पोथी आयुष्यात प्रथमच पाहिली, त्यातील खुणा काही उमगल्या नाहीत, परंतु ओळ दिसली. मग त्यांनी संगणक बंद केला आणि त्यावर उशीचा अभ्रा घातिला.

मथुराबाईंनी ते पत्र वाचिले तेव्हा कुलूप पडून चार दिवस जाहले होते. पत्राखाली गुरुजींनी आपला फोन दिला होता. बाईंनी फोन केला, आणि आपण कोण, कोठील, हे सांगितले, आणि म्हणाल्या, "गुरुजी, ती ओळ तुम्हाला दिसलीच नाही. ती पानावर नव्हतीच. मी चैत्रापासून ओरडते आहे."

गुरुजी म्हणाले, "न्हाई ताई, हाय ओळ. त्यांनी दाखवली मला. धांदरटपणा माझाच."

"त्यांनी दाखवली ती निराळी प्रत. तुम्ही वाचलंत ते पान आत्ता उघडा, मी फोनवर थांबते."

"ते पान आता मला उघडवत न्हाई, ताई. राग मानू नका."

"मग मी ते दुरुस्त करवून घेते," बाई बोलिल्या. "पान दुरुस्त झालं की मी तुम्हाला फोन करीन. तेव्हा तरी उघडाल? म्हणजे काय नव्हतं आणि काय आलं ते तुमचं तुम्हाला कळेल."

"बरं," गुरुजी म्हणाले. या 'बरं' शब्दावर बाईंनी पुढील दोन महिने काढिले.

तिसरा अर्ज घातिला. गुरुजींचे नाव घालून, विहिरींचा आकडा घालून, वर्षे घालून घातिला. भार्गवरावांनी लिहिले, 'झाले ते वाईट झाले, परंतु अर्जात भावना नको.' बाईंनी भावना काढून पुन्हा घातिला. हैदरसाहेबांस निराळे पत्र लिहिले, ते त्यांच्या हजारो न वाचलेल्या पत्रांत जाऊन बसले. ऐसा मार्गशीर्ष गेला. मग पौषमासी हैदरसाहेब गाडीचा परवाना नवा करण्यास रांगेत उभे असता, वेळ जाईना म्हणोन फोनवर बाईंचा अर्ज उघडिला, आणि फोनवर मूळ पोथी वाचणे जिकिरीचे, म्हणोन आयुष्यात प्रथमच दर्शनी प्रत उघडिली. तिसरी पायरी वाचिली आणि चौथी वाचिली. मग रांग सोडून बाहेर आले आणि भार्गवरावांस फोन करून म्हणाले, "भार्गवराव, बाई खरं बोलतायत. ती ओळ नाहीये."

भार्गवराव म्हणाले, "शिक्का मारा. मीही मारतो."

ऐशा रीतीने नऊ महिन्यांनी दोन शिक्के पडले, तीन अक्षरे पोथीत शिरली, पडदा उचलला गेला आणि चौथी पायरी जगास दिसू लागली. बाईंनी अर्जास मथळा दिला होता की, 'नकलेची पायरी लपून नोंदी नष्ट होत होत्या ती प्रकट केली.' परंतु दहा अक्षरांखालील दुरुस्तीचा मथळा चोपदार स्वतः घाली, ऐसा नियम होता, आणि त्याने दप्तरात लिहिले: 'किरकोळ दुरुस्ती.' बाईंनी त्या क्षणी तिकडे पाहिले नाही. त्या आनंदात होत्या. आणि छापखान्याचा दंडक ऐसा की, दुरुस्ती आत शिरली की जुने प्रूफ उभे आडवे फाडून टाकावे, नाहीतर चुकून तेच पुन्हा मशीनवर चढते. एकतीस वर्षांच्या हाताने बाईंनी चैत्रातील तो कागद घेतला, समासातील लाल खुणेवर एकवार बोट फिरविले, आणि उभा फाडिला, आणि आडवा फाडिला, आणि बंबात घातिला. पंधरा महिने पान कैसे होते याचा पुरावा पृथ्वीवर तो एकच होता.

मग हात धुवोन त्यांनी माणदेशी फोन केला. "गुरुजी, झालं. आता उघडा पान."

पलीकडे अभ्रा काढल्याचा आवाज आला, संगणक सुरू होईतो बराच वेळ गेला, आणि गुरुजी मोठ्याने एकेक पायरी वाचू लागले. पहिली वाचिली, दुसरी वाचिली, तिसरी वाचिली. चौथीपाशी थांबले. मग ती सावकाश वाचिली, 'न ठेविल्यास नोंदी कायमच्या जातील' इथपर्यंत.

"हाय की ओ ताई," गुरुजी म्हणाले. "चांगली ठळक हाय."

बाईंच्या तेव्हा ध्यानी आले की आपण काय केले. त्या म्हणाल्या, "ती आज आली, गुरुजी. सकाळी. काल नव्हती."

"तुम्ही माझ्यासाठी लई केलं. पण मी बोट ठिवून वाचत हुतो आणि ही ओळ माझ्या बोटाखालनं गेली, ह्याला काय म्हणायचं?"

"दप्तर बघा तुम्ही. आजची तारीख आहे."

गुरुजींनी बाई सांगत गेल्या तैसे दप्तर उघडिले. दप्तरात जुने पान डावीकडे आणि नवे पान उजवीकडे, परंतु दोन्ही मूळ पोथीची. आणि नक्कल काढण्याची ओळ डावीकडेही होती आणि उजवीकडेही होती, जशीच्या तशी. वरच्या ओळीच्या शेवटी दोन रेघा आणि एक टोक, एवढाच भेद. आणि माथ्यावर मथळा. गुरुजी म्हणाले, "हितं किरकोळ दुरुस्ती असं लिवलंय, ताई. किरकोळ दुरुस्तीपायी बावीस वर्सं जात न्हाईत. मोठी चूक कुणाची ते उघड हाय." आणि बाईंस वाईट वाटू नये म्हणोन पुढे बोलिले, "तुम्ही माझं मन राखाया बोलताय, कळतंय मला. उपकार हायत."

बाईंनी फाडलेल्या प्रुफाची गोष्ट सांगितली नाही. सांगून ती आणखी खोटी वाटली असती. मग त्या इरेस पेटल्या. हैदरसाहेबांस विनविले की, पौषापूर्वीचे दर्शनी पान पुन्हा उभे करून द्यावे, एकदाच, एका माणसास दाखविण्यास. हैदरसाहेबांनी दोन रविवार घालविले. परंतु दर्शनी प्रत करणारे यंत्र मध्यंतरी बदलले होते, आणि नवे यंत्र न उचललेला पडदा पाहताच दोष सांगून थांबे, पान देत नसे. भार्गवरावांनीच ती सुधारणा केली होती, ऐसा दोष पुन्हा कोणाच्या वाट्यास येऊ नये म्हणोन. शेवटी बाईंनी भार्गवरावांस लिहिले, "गुरुजींच्या पत्राचं कुलूप काढा आणि एक ओळ लिहा, की चूक पानाची होती. माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील."

भार्गवरावांनी या वेळी उत्तर देण्यास तीन दिवस घेतले. उत्तर ऐसे: "निकाली निघालेल्या पत्राचं कुलूप काढण्याचा रिवाज नाही. दुरुस्ती झाली आहे. मला वाईट वाटतं." शेवटचे तीन शब्द त्यांनी दरबारी कोठेही यापूर्वी लिहिल्याचे आढळत नाही. तेही त्यांनी बाईंसच लिहिले, गुरुजींस लिहिले नाहीत.

फाल्गुनात एका रविवारी बाईंनी पुन्हा फोन केला तो हौसाबाईंनी घेतला. बाईंनी पुसिले, गुरुजी विहिरींवर गेले असतील ना. नोंदी गेल्या तरी आजचे पाणी आहे. आजपासोन धरिले तरी पुढे कोणाच्या कामी येईल, ऐसे त्या मनी योजून होत्या आणि तेच सांगावयास फोन केला होता. हौसाबाई म्हणाल्या, "आता न्हाई जात ते, ताई. दोर खुंटीला हाय. म्या म्हटलं, जावा की, मोकळं वाटंल. तर म्हणले, ज्याला चार वळी धड वाचता येत न्हाईत, त्यानं मोजल्यालं पाणी कोण खरं धरील."

"मी बोलू का त्यांच्याशी?"

"हितंच बसल्यात. ऐकत्यात." मग पलीकडे थोडी कुजबूज जाहली आणि हौसाबाई म्हणाल्या, "ते म्हणत्यात, ताईस्नी सांग, आता तरास घेऊ नका."

पुढे क्रोधीनाम संवत्सर लागले. पाडव्यास त्या गावी गुढ्या उभ्या राहिल्या, आणि एक जण नवे बोअर मारावयाचे म्हणोन पुसावयास गुरुजींच्या ओट्यावर येऊन बसला. गुरुजींनी त्यास चहा दिला आणि मला काही माहीत नाही ऐसे सांगून वाटेस लाविले. बाई वाईत आहेत आणि खालून वर वाचीत आहेत. आता त्या एकही प्रूफ फाडीत नाहीत. तारीख घालून कपाटात लावितात, कपाट भरले, खाट भरली. अद्याप त्यांतील एकही कागद कोणी मागितला नाही.

सारांश ऐसा. तीन अक्षरे राहिली होती, ती नऊ महिन्यांनी पडली. ओळ प्रकट जाहली. आणि ओळ प्रकट जाहली म्हणोन अपराध गुरुजींचा ठरला. बावीस वर्षांचे पाणी गेले ते गेले, आणि त्यापुढील रविवारही गेले. राज्य चालू आहे, पोथी निर्दोष आहे, दप्तरी शिल्लक तक्रार नाही. बाईंच्या पहिल्या अर्जाखाली चैत्रात सात अंगठे उमटले होते, त्यांतील तिसरा या लिहिणाराचा. अर्ज त्याने पुरता वाचिला होता, खरा मानिला होता, आणि कोणी तरी पाहील ऐसे म्हणोन पुढील कामास गेला होता. दर्शनी प्रत त्यानेही उघडिली नाही.